‘शक्ति’: एका उपेक्षित मैफलीची ध्वनिमुद्रिका

कुळात चालत आलेली विद्या परक्यांच्या विद्येशेजारी बसविली असता ती बिघडते की बहरते, हा प्रश्न आपल्या घराघरांतून निरनिराळ्या रूपांनी उभा राहत असतो. मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला, अथवा नातीने पेटी सोडून गिटार शिकण्याचा हट्ट धरला, की वडील मंडळींच्या मनात हीच शंका डोकावते. एक पक्ष म्हणतो, परंपरा म्हणजे अंगणातले तुळशीवृंदावन; त्यास धक्का लागता कामा नये. दुसरा पक्ष म्हणतो, वाहते पाणीच निर्मळ राहते. दोन्ही वाक्ये कानास गोड लागतात, परंतु दोहोंपैकी एकानेही प्रश्नाचा निकाल लागत नाही. तो लागतो प्रत्यक्ष उदाहरणाने. संगीताच्या क्षेत्रातील असे एक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते पन्नास वर्षांपूर्वीचे आहे, ध्वनिमुद्रित स्वरूपात आजही ऐकावयास मिळते, आणि त्यात आपल्या मुंबईच्या माहीम भागात वाढलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाचा हात आहे. तरीही आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून त्याचा परिचय फारसा आढळत नाही.

दिनांक ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, साउथॅम्प्टन येथील महाविद्यालयात पाच वादकांची एक मैफल झाली. वादकसमूहाचे नाव होते ‘शक्ति’. त्यात गिटार वाजविणारे एक इंग्रज गृहस्थ होते आणि उरलेले चौघे भारतीय होते. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम आणि मृदंगावर रामनाड राघवन. त्या मैफलीतील तीन रचना कोलंबिया कंपनीने १९७६ साली ‘शक्ति विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’ ह्या नावाने ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. एकंदर वादन सुमारे बावन्न मिनिटांचे आहे. ते श्रोत्यांसमक्ष झालेले असल्यामुळे चुकले तर पुन्हा वाजवू, ही सोय त्यात नव्हती. जे त्या सायंकाळी साधले तेच तबकडीवर उतरले.

जॅझ आपणांस खरोखर परके आहे काय?

ह्या ध्वनिमुद्रिकेस जाणकार ‘जॅझ-फ्यूजन’ म्हणतात. शब्द कानास नवा लागेल, म्हणून दोन वाक्यांत खुलासा करतो. जॅझ हे अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या वंशजांनी, मुख्यतः न्यू ऑर्लीन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी घडविलेले संगीत. त्यात प्रथम एक ठराविक चाल सर्व वादक मिळून वाजवितात. मग एकेकजण तिच्या आधाराने आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो, आणि शेवटी सर्व वादक पुन्हा मूळ चालीवर येऊन मिळतात. चीज, तिचा विस्तार आणि समेवर परतणे ज्यांच्या कानांत मुरले आहे, अशा महाराष्ट्रीय श्रोत्यास ही कल्पना अनोळखी वाटण्याचे कारण नाही. मोठा भेद एकच आहे. आपल्याकडे षड्ज स्थिर असतो आणि तंबोरा त्याची आठवण अखंड करून देतो. जॅझमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे मेळ क्षणोक्षणी बदलत जातात, आणि वादकास त्या बदलत्या जमिनीवरून चालावे लागते.

दुसरे असे की हे संगीत आपल्या किनाऱ्यास लागूनही फार दिवस झाले. लिऑन ॲबे ह्यांचा निग्रो वादकसंघ १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि त्या वाऱ्याने अनेक गोमंतकीय वादक भारून गेले. त्यांच्यापैकी हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने गाजले. पुढे आपल्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून ह्या गोमंतकीयांनी किती काम केले हे सर्वश्रुत आहे. चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट ह्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. ज्या घरांतून ती गाणी गुणगुणली गेली, त्या घरांत जॅझ मागील दाराने केव्हाच आले होते, इतकेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

‘फ्यूजन’ ही पुढची पायरी. माइल्स डेव्हिस ह्या विख्यात तुतारीवादकाने १९६९ साली ‘इन अ सायलेंट वे’ ही ध्वनिमुद्रिका केली आणि जॅझच्या उत्स्फूर्त विस्तारास विजेवर चालणाऱ्या वाद्यांची जोड दिली. तिच्यात गिटार वाजविणारा तरुण म्हणजेच आपल्या कथेतील इंग्रज गृहस्थ, जॉन मॅक्लॉफ्लिन.

हिंदी संगीत व पाश्चात्त्य संगीत ह्यांस एकत्र आणण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. कलकत्त्यास जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्यांनी १९६६ साली लंडनमध्ये पाच जॅझवादक व पाच हिंदी वाद्यांचे वादक समोरासमोर बसविले. पंडित रविशंकर व यहुदी मेन्युहिन ह्यांची जोड-ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. झाकीर हुसेन ह्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ ह्यांनी अमेरिकन ड्रमवादक बडी रिच ह्यांच्यासह १९६८ साली एक ध्वनिमुद्रिका केली. हे सर्व प्रयत्न आदरणीय आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांत दोन पाहुणे एकमेकांच्या दिवाणखान्यात बसून सभ्यपणे बोलत आहेत, असा भास होतो. ‘शक्ति’च्या मैफलीत हे पाहुणपण संपलेले दिसते. ते कसे संपले, हे समजण्यासाठी वादकांच्या घरांकडे वळले पाहिजे.

ज्यांच्या घरीच गुरुकुल होते

झाकीर हुसेन ह्यांचा जन्म ९ मार्च १९५१ चा. वडील पंजाब घराण्याचे थोर तबलावादक. मूल जन्मल्यावर बापाने त्याच्या कानात प्रार्थना म्हणावयाची रीत. त्याऐवजी वडिलांनी आपल्या कानात तबल्याचे बोल म्हटले, असे झाकीर हुसेन स्वतः सांगत असत. शाळा माहीमची, महाविद्यालय मुंबईचेच, आणि खरी पाठशाळा घरातली. १९७० साली ते अमेरिकेस गेले आणि कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ ह्यांच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले.

एल. शंकर ह्यांचा जन्म १९५० साली मद्रासेस झाला, पण बालपण सिंहलद्वीपातील जाफना येथे गेले. त्यांचे वडील व्ही. लक्ष्मीनारायण हे तेथे संगीताचे अध्यापक होते. १९५८ साली तेथे तमिळ लोकांविरुद्ध दंगे उसळले आणि त्या कुटुंबास आपला संसार उचलून मद्रासेस परतावे लागले. घर गेले, परंतु विद्या गेली नाही. वडिलांनी एल. वैद्यनाथन, एल. सुब्रह्मण्यम् व एल. शंकर ह्या तिन्ही मुलांच्या हाती व्हायोलिन दिले आणि तिघेही नामांकित झाले. पुढे शंकर अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात गेले व तेथे त्यांनी संगीताच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळविली. रामनाड राघवन हेही त्याच विद्यापीठात मृदंग शिकवीत असत.

टी. एच. विनायकराम ह्यांचा जन्म १९४२ चा. त्यांचे वडील हरिहर शर्मा ह्यांनी १९५८ साली मद्रासेस तालवाद्यांची एक पाठशाळा स्थापन केली, आणि पुत्राने पुढे तीच चालविली. घटम म्हणजे मातीचा घडा. पण तो पाणवठ्यावरचा घडा नव्हे. मदुरेनजीकच्या मानामदुरै गावचे कुंभार खास मातीत धातूचा कीस मिसळून जाड अंगाचा घट घडवितात आणि तो खणखणीत भाजतात. वादक त्याचे तोंड पोटाशी धरतो आणि बोटे, तळवे, नखे ह्यांनी घटाच्या गळ्यावर, कुशीवर, बुडाशी आघात करतो. पोट मागेपुढे केले की घुमारा बदलतो. ज्याचा स्वर एकदा भाजल्यावर फारसा उतरविता वा चढविता येत नाही, अशा मडक्यातून विनायकराम जे काढतात ते ऐकून ‘मातीला वाचा फुटली’ ह्या म्हणण्याचा अर्थ कळतो.

आता राहिले मॅक्लॉफ्लिन. त्यांचा जन्म १९४२ साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. आई व्हायोलिन वाजवीत असे. म्हणजे तेथेही पहिले स्वर घरातच कानी पडले. डेव्हिस ह्यांच्याकडील कामानंतर १९७१ साली त्यांनी ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ हा विद्युत्-वाद्यांचा संघ काढला. न्यूयॉर्कमधील बंगाली साधक श्री चिन्मय ह्यांचे ते शिष्य झाले होते, आणि ‘महाविष्णु’ हे नाव गुरूंनी दिलेले होते. ह्या संघाचे वादन अत्यंत वेगवान आणि अत्यंत मोठ्या आवाजाचे असे. ‘बर्ड्स ऑफ फायर’ ही त्यांची १९७३ सालची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील खपाच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढली. शब्दांवाचूनच्या संगीतास असे यश क्वचितच मिळते.

ह्या यशाच्या भरात असलेला मनुष्य वेस्लियन विद्यापीठात जातो आणि डॉ. एस. रामनाथन ह्यांच्यापाशी विद्यार्थी होऊन वीणा शिकू लागतो, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेपेक्षा मोठी वाटते. त्यांनी वीणेचे दोन-चार अलंकार उचलून आपल्या वाद्यावर चिकटविले नाहीत, व्याकरण शिकले. मग त्यांचे वाद्यही बदलले. ‘शक्ति’साठी त्यांनी विजेची गिटार बाजूस ठेवून गिब्सन कंपनीची साधी लाकडी गिटार घेतली. तीत नेहमीच्या सहा तारांच्या खालून सात तरफेच्या तारा तिरप्या बसवून घेतल्या, आणि पट्टीवरील पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले. सतारीवर वा वीणेवर तार ओढून जशी मींड घेता येते, तशी गिटारवर घेता यावी म्हणून हा खटाटोप. वाद्याची पट्टी कोरून घेणे सुतारकाम आहे; पण प्रसिद्धीच्या शिखरावर असताना पुन्हा पहिल्या धड्याशी बसणे हे संस्काराचे काम आहे.

तबकडीवर काय ऐकावे

पहिली रचना ‘जॉय’, म्हणजे आनंद. ती सुमारे अठरा मिनिटांची आहे. गिटार व व्हायोलिन लांबच लांब स्वरवाक्ये एकमुखाने, विलक्षण द्रुत लयीत म्हणतात. दोन घोडे एकाच रथास जुंपलेले असावेत, तशी ही जोडी धावते. मग एकजण थांबतो, दुसरा पुढे होतो. प्रथम ऐकणाऱ्यास हा वेग दमवितो. आम्ही असे सुचवितो की पहिल्या वेळी तंतुवाद्यांकडे लक्षच देऊ नये. केवळ तबला, मृदंग व घटम ह्यांचे आपसातील संभाषण ऐकावे.

दुसरी रचना ‘लोटस फीट’, म्हणजे चरणकमल. ही जेमतेम पावणेपाच मिनिटांची. येथे वेग नाही, चढाओढ नाही. एक साधी शांत चाल, आधारस्वराची अखंड गुंजन, आणि तबल्याची हळुवार साथ. पूर्वीच्या काळी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत आपले गवई राग उभा करीत. त्या काटकसरीची आठवण येथे होते. हीच चाल मॅक्लॉफ्लिन ह्यांनी १९७६ साली ‘महाविष्णु’ संघाच्या ‘इनर वर्ल्ड्‌स’ ह्या ध्वनिमुद्रिकेत विद्युत्-वाद्यांवरही वाजविली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. एकच भजन देवघरात म्हटलेले आणि सभामंडपात ध्वनिक्षेपकावरून म्हटलेले ह्यांत जो फरक, तोच येथे जाणवतो.

तिसऱ्या रचनेचे नाव एखाद्या अभंगाच्या चरणाएवढे लांब आहे. हे मला कशास हवे, ते मला कशास हवे, मी तर प्रभूच्या चरणांशी नाचत आहे, सर्व आनंद आहे, असा त्याचा आशय. ही सुमारे एकोणतीस मिनिटे चालते आणि तबकडीची संपूर्ण दुसरी बाजू व्यापते. तबकडीच्या एका बाजूस साधारणतः वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत सुखाने मावते. त्याहून अधिक बसवावयाचे तर चऱ्या एकमेकींच्या अधिक जवळ कोराव्या लागतात आणि आवाज जरा लहान ठेवावा लागतो. तरी ही रचना कापली गेली नाही. तीत एक वादक प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो, मग तालवाद्ये एकमेकांस आव्हान देतात, आणि शेवटी सारे मिळून मुक्कामास पोहोचतात. मैफलीचा जीव ज्यास म्हणतात तो येथे आहे.

उत्तर आणि दक्षिण

पूर्व व पश्चिम ह्यांचे मीलन म्हणून ह्या ध्वनिमुद्रिकेचे कौतुक ज्यांनी केले, त्यांच्याही नजरेतून एक गोष्ट बहुधा निसटली. ह्या मैफलीत त्याहून अवघड असे आणखी एक मीलन आहे, आणि ते आपल्या घरचेच आहे. ते म्हणजे हिंदुस्थानी व कर्नाटक तालविद्येचे.

बाहेरून पाहणाऱ्यास तबला काय, मृदंग काय, दोन्ही चामड्याचीच वाद्ये. पण त्यांच्या कामाची वाटणी निराळी आहे. उत्तरेकडे तबलावादक ठेका धरतो. त्रितालाचे वा झपतालाचे ठराविक बोल तो आवर्तनामागून आवर्तन वाजवितो, आणि गायक त्या ठेक्यावरूनच आपण कोठे आहो हे ओळखतो. दक्षिणेकडे असा ठेकाच नाही. ताल हातावर, टाळी व बोटे ह्यांनी मोजला जातो, आणि मृदंगवादक कृतीच्या चालीस वळणावळणाने बिलगून चालतो. एकाकडे ताल कानास ऐकू येतो. दुसऱ्याकडे तो मनात धरावा लागतो. वाद्यांची बांधणीही भिन्न. आमच्या कीर्तनातल्या पखवाजाच्या धुमेस ओली कणीक लावतात, तसा मृदंगाच्या डाव्या तोंडास रव्याचा ओला लेप देतात. तबल्याच्या डग्ग्यावर मात्र कायमची शाई असते. एकाच देशातील ह्या दोन विद्या शतकानुशतके शेजारी नांदल्या, पण एकाच रचनेत बरोबरीने बसल्याचे प्रसंग तोवर थोडेच होते.

झाकीर हुसेन व विनायकराम ह्यांस एकमेकांची भाषा शिकावी लागली. तिहाई म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणावयाचे वाक्य. दक्षिणेतही तिची बहीण आहे, पण ती गणिताने अधिक गुंतागुंतीची असते. दोघांनी ही नाती ओळखली. तबला क्षणभर ठेका सोडून मृदंगासारखा चालीमागे जातो, आणि घटम कधी ठेक्याचा पाया धरून बसतो. परक्याशी बोलण्याच्या निमित्ताने दोन सख्ख्या भावंडांची भेट व्हावी, आणि तीही घरापासून हजारो कोसांवर, हे ह्या मैफलीचे मर्म आम्हांस वाटते. परदेशी गेलेले आपले लोक एकमेकांचे सण जसे तेथेच प्रथम पाहतात, तसेच हे झाले.

येथे व्हायोलिनविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्यांस मिश्रणाची भीती वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की हे वाद्य मुळात युरोपातले आहे. मुथुस्वामी दीक्षितर ह्यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर ह्यांनी ते इंग्रजांकडून घेऊन कर्नाटक संगीतात रुजविले, असे मानतात. आज वादक मांडी घालून, वाद्याचे टोक पावलावर टेकवून ते वाजवितो, आणि त्यावाचून दक्षिणेतली मैफल पुरी होत नाही. आपल्या नाट्यसंगीतातल्या पेटीची व ऑर्गनची कथा काय निराळी आहे? आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ साली उठली, पण तेवढ्या अवधीत आपल्या घरातली पेटी कोणी माळ्यावर टाकली नाही. विद्या पाया सोडीत नसेल तर वाद्य कोठूनही आलेले चालते.

उपेक्षा का झाली?

इतके गुण असता ही ध्वनिमुद्रिका बाजूस का पडली? पहिले कारण असे की मॅक्लॉफ्लिन ह्यांचे चाहते विजेच्या गडगडाटाचे भोक्ते होते. त्यांस मांडी घालून वाजविलेली लाकडी गिटार रुचली नाही. जॅझच्या रसिकांस तीत बदलते स्वरमेळ सापडले नाहीत, कारण येथे आधारस्वर बहुतांशी स्थिर आहे. आपल्या शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांस रागाची शांत बढत सापडली नाही. प्रत्येकाने आपल्या घरचे काय नाही ते पाहिले. काय नवे आहे ते पाहण्यास फार थोडे थांबले. खुद्द नावातही बाजाराची सोय दिसते. समूहाचे नाव ‘शक्ति’, पण तबकडीवर मॅक्लॉफ्लिन ह्यांचे नाव जोडावे लागले, कारण खप त्या नावावर अवलंबून होता.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. ‘जॉय’मध्ये कित्येक ठिकाणी वेग हाच हेतू होऊन बसतो आणि स्वरास श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. रागविस्तार म्हणून पाहू जाता ही रचना तोकडी आहे. पण तारुण्याचा हा दोष आहे, आणि गाजलेल्या चौघांची वये त्या दिवशी चोवीस, पंचवीस, बत्तीस व तेहतीस होती हे विसरता कामा नये. ‘लोटस फीट’ ऐकल्यावर हा दोष मनातून बराचसा उतरतो.

ह्यानंतर समूहाने ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ आणि १९७७ साली ‘नॅचरल एलिमेंट्‌स’ अशा आणखी दोन ध्वनिमुद्रिका केल्या. राघवन त्यांत नव्हते. पुढचा संच चौघांचा राहिला. १९७८ च्या सुमारास समूह विसर्जित झाला. १९९७ साली ‘रिमेंबर शक्ति’ ह्या नावाने तो पुन्हा जमला. त्यात पुढे मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास आले, जे २०१४ साली अकाली निवर्तले. घटमच्या गादीवर विनायकराम ह्यांचे पुत्र सेल्वगणेश बसले. आणि गायक म्हणून मुंबईत वाढलेले शंकर महादेवन आले, ज्यांस महाराष्ट्र ‘कट्यार काळजात घुसली’ ह्या २०१५ सालच्या चित्रपटामुळे घरचा मनुष्य मानतो. डिसेंबर २००० मध्ये मुंबईतच झालेल्या त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रिकाही निघाली. २०२३ साली ‘धिस मोमेंट’ प्रसिद्ध झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तीस अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथे कालवश झाले.

त्यांच्या निधनानंतर सर्वत्र त्यांच्या पारितोषिकांची गणती झाली, आणि ते योग्यच होते. परंतु मनुष्य गेल्यावर त्याच्या पदकांपेक्षा त्याच्या आरंभाकडे पाहणे अधिक बोधप्रद असते. शेवटच्या ध्वनिमुद्रिकेस जगाने डोक्यावर घेतले. पहिलीकडे त्याच जगाने पाठ फिरविली होती. शेवटचे फळ गोड लागले ह्याचे कारण त्या पहिल्या रोपट्यात आहे, आणि रोपट्याचे मूळ माहीम, मद्रास व यॉर्कशायर येथील घरांत आहे.

प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाकडे आता पुन्हा वळू. विद्या परक्याच्या पंक्तीस बसली असता बिघडते की बहरते? ही मैफल सांगते की ते पंक्तीवर अवलंबून नाही, बसणाऱ्यावर आहे. ज्यांच्या हाडीमासी वडिलांचा रियाज भिनला होता, तेच निर्धास्तपणे दुसऱ्याच्या तालात पाऊल टाकू शकले. आणि ज्याच्या पाठीशी ही परंपरा नव्हती, तो विद्यार्थी होऊन तिच्या दाराशी बसला, म्हणूनच त्यास आत घेतले गेले. अर्धवट शिकलेले दोघे एकत्र आले असते तर भेसळ झाली असती. पुरते शिकलेले एकत्र आले म्हणून संगम झाला. तेव्हा नातीने गिटार मागितली तर आजोबांनी चिंता करू नये. ती जे काही शिकेल ते मुळापासून शिकते की नाही, एवढेच पाहावे. आणि घरात जी विद्या आहे ती तिच्या कानावर रोज पडेल, एवढी काळजी घ्यावी.

असो. ही ध्वनिमुद्रिका आता भ्रमणध्वनीवरही सहज ऐकता येते, त्यामुळे तबकडीचे यंत्र नाही ही सबब चालणार नाही. आमची सूचना एवढीच की ती एकट्याने कानास गुंडाळ्या लावून ऐकू नये. रात्रीची जेवणे आटोपल्यावर, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रथम ‘लोटस फीट’ लावावी. जे वडील मंडळी तिला मान डोलावतील, त्यांना मग ‘जॉय’चा वेग सोसवेल, आणि जी मुले ‘जॉय’साठी उतावीळ असतील, त्यांना शांत चालीत काय असते हे एकदा तरी ऐकावे लागेल. दोन्ही पक्षांनी पाच-पाच मिनिटे धीर धरला, तर पाच वादकांनी साउथॅम्प्टन येथे जे साधले त्याचा काही अंश आपल्या ओटीवरही साधण्यासारखा आहे.